न ऐकलेलं ऐकायला चला!

रीलमधला गाण्याचा तुकडा ऐकून ‘हे माझं फेव्हरिट’ म्हणून मोकळी होणारी आपली पिढी. पण याच पिढीतली काही मंडळी गच्चीवर, कॅफेत नाहीतर कुणाच्या तरी हॉलमध्ये जमून नव्या बँड्सची अख्खीच्या अख्खी गाणी ऐकतायत. तेही कोण वाजवणार हे नीटसं माहीत नसताना! तिथं नेमकं होतं काय? आणि तुम्ही एकदा तरी तिथं का जायला हवं?

शनिवारची संध्याकाळ. इन्स्टावर दिसलेल्या एका पोस्टवरून तुम्ही तीनशे रुपयांचं तिकीट काढलंय. पत्ता सकाळी मेसेजवर आला. बरोबर यायचं कबूल केलेल्या मित्राने ऐनवेळी टांग दिलीय. ‘जाऊ दे, घरीच बसू’ असं दोनदा मनात येऊनही तुम्ही निघालात आणि चौथ्या मजल्यावरची ती गच्ची गाठलीत.

दाराशी चपलांचा ढीग. खाली सतरंज्या. मागे ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांच्यासाठी चार प्लास्टिकच्या खुर्च्या. पाण्याच्या टाकीपासून जिन्यापर्यंत सोडलेली दिव्यांची माळ. एक मुलगा उकिडवा बसून वायरी जोडतोय. साउंडवाला असेल, असं तुम्हाला वाटतं. दहा मिनिटांनी कळतं, अरे, हाच तर गायक!

पहिलं गाणं सुरू होतं. खरं सांगायचं तर फारसं भिडत नाही. दुसऱ्याला मान थोडी हलते. तिसऱ्याच्या आधी तो मुलगा म्हणतो, ‘हे नवीन आहे. चुकलं तर सांभाळून घ्या.’ आणि त्या गाण्याच्या मध्यावर कुठंतरी तुमच्या अंगावर सर्रकन काटा येतो. हात आपोआप फोनकडे जातो. गाणं ओळखणारं अॅप तुम्ही सुरू करता. अॅप ऐकतं, विचार करतं आणि सांगतं, सापडलं नाही.

सापडेल कसं? गाणं अजून रेकॉर्डच झालेलं नाहीये! या घडीला ते जगात फक्त या गच्चीवर आहे. आणि ते ऐकणाऱ्या चाळीस जणांपैकी एक तुम्ही आहात.

अल्गोरिदम नावाचा मित्र

‘नवीन गाणी कशी शोधतोस?’ असं कुणालाही विचारा. ‘शोधतो कुठे? येतातच समोर,’ हेच उत्तर मिळेल. ती समोर आणून ठेवणारा मित्र म्हणजे अल्गोरिदम. मित्र कामाचा आहे, वाद नाही. तुम्ही काय ऐकलंत, काय पुढं ढकललंत, रात्री दोन वाजता कोणतं गाणं चार वेळा लावलंत, सगळं त्याच्या लक्षात असतं. पण त्याची एक गोची आहे. खानावळीतल्या मावशींसारखं त्याचं झालंय. तुम्ही एकदा बटाट्याची भाजी मागून घेतलीत, की महिनाभर पानात बटाटाच. तुम्ही काय आवडीने खाल्लंत हे त्याला पक्कं ठाऊक. जे कधी चाखलंच नाहीत, त्याबद्दल तो फार तर अंदाज बांधणार.

आणखी एक गंमत बघा. स्पॉटिफायवर गाणं किमान ३० सेकंद वाजलं, तरच ते ‘ऐकलं’ असं मोजतात. म्हणजे गाणं बनवणाऱ्याच्या डोक्यावर पहिल्या अर्ध्या मिनिटाची टांगती तलवार. आलाप, सावकाश उलगडत जाणारी सुरुवात, दोन मिनिटांनी येणारा तो एक क्षण, हे सगळं जोखमीचं होऊन बसतं. तेवढा वेळ कोण थांबतंय?

गच्चीवर मात्र ‘स्किप’चं बटण नाही. उठून जायचं तर सहा जणांच्या पायांवरून उड्या मारत जावं लागतं! म्हणून तुम्ही बसता. आणि पहिल्या मिनिटात न आवडलेलं गाणं चौथ्या मिनिटाला आवडू शकतं, हा साधा शोध तुम्हाला तिथं लागतो.

तानसेन नाही, कानसेन

हे सगळं फॉरेनचं फॅड आहे, असं घरी कुणी म्हणालं तर बिनधास्त वाद घाला. तानसेन होता आलं नाही तर निदान कानसेन व्हावं, हे आपल्याकडंच म्हणतात ना? घरातल्या हॉलमधलं सामान आत सरकवून, सतरंजी अंथरून, कलाकारापासून हातभर अंतरावर बसून ऐकायचं याला आपण बैठक म्हणतो. महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत म्युझिक सर्कल चालायची, काही अजून चालतात. सभासदांनी वर्षाची वर्गणी भरायची आणि वर्षभर जो कलाकार येईल त्याला ऐकायचं. वर्गणी भरलेलीच असल्यामुळे नाव न ऐकलेल्या गायकालाही श्रोते मिळायचे. आजच्या गच्चीवरच्या कार्यक्रमात आणि यात फरक तो काय? सतरंजीसुद्धा तीच.

पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ मध्ये सुरू केला. तिथं भारतीय बैठकीत बसून तासन् तास ऐकणाऱ्यांपैकी अनेकांनी काही आवाज आयुष्यात पहिल्यांदा तिथंच ऐकले. आवडत्या गायकासाठी जायचं आणि त्याच्या आधी गाणाऱ्या अनोळखी गायकाच्या प्रेमात पडून परतायचं, हा अनुभव आईबाबांना किंवा आजोबांना विचारून बघा.

एकत्र बसून रेकॉर्ड्स ऐकणंही आपल्याला नवं नाही. १९५२ मध्ये रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली, तेव्हा ज्याच्या घरी रेडिओ त्याच्या घरी आळी जमायची. मुंबईतल्या इराणी हॉटेलांत ज्यूकबॉक्समध्ये नाणं एक जण टाकायचा आणि गाणं सगळं हॉटेल ऐकायचं. जुन्या ध्वनिमुद्रिका जमवणाऱ्यांची ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संस्था १९९० मध्ये मुंबईतच सुरू झाली. एकत्र बसून ऐकायचं आणि ऐकलेल्यावर बोलायचं, हा तिच्या कामाचा मोठा भाग. थोडक्यात, हेडफोन घालून एकट्याने ऐकणं हीच अलीकडची सवय आहे.

लंडनची बैठक, जपानचा चहा

जगात इतर ठिकाणी काय चाललंय? जपानमध्ये ‘जॅझ किस्सा’ नावाची कॅफे आहेत. किस्सा म्हणजे गोष्ट नव्हे, किस्सातेन म्हणजे चहा-कॉफीचं दुकान. परदेशी रेकॉर्ड आणि चांगली साउंड सिस्टीम घरी घेणं परवडायचं नाही, तेव्हा लोक एका कपाच्या पैशांत तिथं बसून जॅझ ऐकायचे. योकोहामातलं ‘चिगुसा’ १९३३ चं. यातल्या बऱ्याच ठिकाणी रेकॉर्ड सुरू असताना बोलायला सक्त मनाई! आपल्याकडच्या ‘उगाच चौकश्या करू नयेत’ छापाच्या पाट्यांशी नातं सांगणारा हा नियम.

लंडनमध्ये २००९ साली काही मित्र एका बँडला ऐकायला गेले आणि लोकांच्या गप्पांनी नि ग्लासांच्या खणखणाटाने वैतागले. मग त्यांनी एका मित्राच्या घरातच कार्यक्रम ठेवला. खाली बसायचं, बोलायचं नाही, फोन आत. यातून ‘सोफार साउंड्स’ उभं राहिलं. पुढं ते जगभरातल्या शहरांत पोचलं, मुंबई-पुण्यातही आलं. जागा आधी सांगायची नाही, कोण वाजवणार तेही नाही, साधारण तीन कलाकार, प्रत्येकाला थोडा थोडा वेळ, असा साचा. पण ते मोठं होत गेलं तसा प्रश्नही आला. तिकिटं विकली जातात, मग वाजवणाऱ्याच्या हातात किती पडतं? या मुद्द्यावरून त्यांच्यावर परदेशात बरीच टीका झाली. प्रश्न चुकीचा नव्हता. तो आपल्या गच्चीवरही विचारायला हवा.

चाळीस जणांचा हिशोब

चला, विचारूया. समजा चाळीस जण आले, तिकीट तीनशे. झाले १२,०००. स्पीकर, माइक, मिक्सर भाड्याने आणि तो सांभाळणारा माणूस, धरा ५,०००. जागेचे २,०००. पोस्टर, चहा, पाणी, किरकोळ १,०००. उरले ४,०००. दोन बँड असतील तर प्रत्येकी २,०००. बँडमध्ये चार जण. म्हणजे माणशी पाचशे. त्यातून गिटारच्या तारा घ्या, ड्रम्स आणायला टेम्पो करा, नाहीतर जॅमरूमचं तासाचं भाडं भरा. तिन्ही जमणार नाही!

‘मग ऑनलाइन कमावतील की,’ असं वाटतंय? २०२४ पासून स्पॉटिफायचा नियम असा आहे, की एखादं गाणं बारा महिन्यांत किमान १,००० वेळा ऐकलं गेलं नाही तर त्याचे पैसे मिळतच नाहीत. हजाराच्या पुढे गेलं तरी एका वेळचा हिशोब पैशांत. ‘पैशांत’ म्हणजे अक्षरशः पैशांत, रुपयांत नव्हे. नवख्या बँडला आपल्या पहिल्या गाण्याचे हजार गाठताना कॉलेजचे सगळे ग्रुप, मामा, काकू, सोसायटीचा व्हॉट्सअॅप ग्रुप असं सगळं पालथं घालावं लागतं.

म्हणून गच्चीवरच्या त्या मुलाचं ‘चुकलं तर सांभाळून घ्या’ हलक्यात घेऊ नका. त्याच्या बँडमधल्या बेसिस्टची सोमवारी सकाळी शिफ्ट असते. ड्रमर परीक्षेचा अभ्यास करतोय आणि घरून विचारणा सुरू आहे, ‘हे वाजवणं अजून किती दिवस?’ अशा कित्येक बँड्सचं पुढचं वर्ष कुठल्या रेकॉर्ड कंपनीत ठरत नाही. ते अशाच एखाद्या शनिवारी ठरतं. समोर कुणी आलं का, आलेल्यांनी ऐकलं का आणि कार्यक्रमानंतर कुणी येऊन ‘ते तिसरं गाणं कधी येणार?’ असं विचारलं का, यावर.

जागा गेल्या कुठं?

मुंबईत धोबी तलावाजवळ रंगभवन नावाचं खुलं नाट्यगृह आहे. ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा १९८६ पासूनचा महोत्सव तिथं गाजायचा. भारतातल्या कितीतरी रॉक बँड्सचा पहिला मोठा श्रोता तिथला. पण शेजारी रुग्णालयं, कॉलेज. शांतता क्षेत्राचा नियम आला आणि तिथले कार्यक्रम थांबले. लोअर परळच्या मिलमध्ये २००७ ला सुरू झालेलं ‘ब्लू फ्रॉग’ २०१६ मध्ये बंद झालं. पुण्यात २०१० मध्ये सुरू झालेल्या ‘एनएच७ वीकेंडर’ने एका पिढीला सांगितलं, की बॉलिवूडच्या बाहेरही गाणी असतात. पण मोठा महोत्सव वर्षातून एकदा. वर्षाचे बाकीचे शनिवार काय?

मोठ्या जागांची भाडी परवडत नाहीत आणि रात्री दहाच्या पुढे उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. नियम योग्यच आहेत. शेजारच्या आजोबांना झोप हवी आणि बारावीतल्या मुलीला अभ्यास. म्हणून बँड्सनी संगीतच छोटं करून घेतलंय. पूर्ण ड्रमसेट एका खोलीत कान किटवतो, मग ड्रमर ‘काहोन’ घेऊन येतो. पेरू देशातून आलेलं हे वाद्य म्हणजे चक्क लाकडी खोका. त्यावरच बसायचं आणि पुढची फळी हाताने वाजवायची. इलेक्ट्रिक गिटारच्या जागी साधी गिटार, काठ्यांच्या जागी ब्रश. यात एक फायदा होतो. गोंगाटात बुडणारे शब्द ऐकू येतात. आणि कधीकधी कळतं, की या बँडने शब्दांवर केवढी मेहनत घेतलीय!

मराठी आहे ना. भरपूर आहे!

‘बँड म्हणजे इंग्रजी गाणी’ हा समज आता सोडा. ‘अभंग रिपोस्ट’ ही मंडळी संतांचे अभंग गिटार आणि ड्रम्सच्या साथीने गातात. आषाढीला टीव्हीवर अभंग ऐकणारी आजी आणि मेटलचा टी-शर्ट घालणारा नातू एकाच रांगेत बसू शकतील, असं हे प्रकरण. मुंबईचं ‘कबीर कॅफे’ कबीराचे दोहे अशाच नव्या बाजात गातं.

रॅप आवडत असेल तर मुंबईच्या ‘स्वदेशी’ या गटातला एमसी मवाली मराठीत रॅप करतो. आरेच्या जंगलाबद्दल आणि तिथल्या वारली आदिवासींबद्दलचं त्यांचं ‘द वारली रिव्होल्ट’ ऐका. आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर त्यात आहेत. अमरावतीचा एक रॅपर आपलं नाव ‘100RBH’ असं लिहितो. आधी शंभरचा आकडा, पुढं आरबीएच. आता वाचा, सौ-रभ! त्याच्या रॅपमधला विदर्भाचा ठसका पुण्या-मुंबईच्या मराठीला सरळ आव्हान देतो. आणि नाचायचंच असेल तर क्रेटेक्स आणि श्रेयसचं २०२४ मधलं ‘तांबडी चामडी’ आहेच. मराठी शब्दांवरचं हे हाउस म्युझिक ‘स्पिनिन रेकॉर्ड्स’ या नेदरलँड्सच्या लेबलवरून आलं. मराठी न कळणारी मंडळीही त्यावर नाचली.

सौम्य काही हवंय? पुण्याचा ‘ईझी वाँडरलिंग्ज’ लावा, पावसाळी दुपारी खिडकीशी बसून. शब्द इंग्रजी आहेत, हवा मात्र पुण्याची.

ही नावं तुम्ही आज शोधू शकता, कारण ती शोधयंत्रात आहेत. यातलं प्रत्येक नाव कधीतरी थोडक्या अनोळखी माणसांसमोर पहिल्यांदा उभं राहिलं होतं. आणि त्या दिवशी कुणीतरी टीव्ही सोडून तिथं गेलं होतं.

पहिल्यांदा जाताय? मग हे वाचाच

■ एकटे गेलात तरी चालेल. निम्मे लोक एकटेच आलेले असतात. सतरंजीवर जागा मागताना ओळख होते.

■ वेळेवर पोचा. पहिल्या बँडला रिकाम्या सतरंजीसमोर वाजवायला लावू नका. बहुतेक वेळा सगळ्यात नवखा बँड पहिला असतो आणि श्रोत्यांची सगळ्यात जास्त गरज त्यालाच असते.

■ एकच गाणं शूट करा, बाकीची ऐका. त्यातही आधी विचारा. न आलेलं गाणं बँडच्या आधी तुम्ही जगासमोर आणलंत, तर पंचाईत त्यांची होते.

■ मध्येच ‘कुंईऽऽ’ झालं तर हसू नका. स्पीकरचा आवाज माइकमध्ये शिरला, पुन्हा स्पीकरमधून आला, पुन्हा माइकमध्ये गेला की असं होतं. छोट्या जागेत माइक नि स्पीकर जवळजवळ असतात, त्यामुळे हे होणारच.

■ गप्पा मध्यंतरात. दाद मात्र मोकळेपणाने द्या. ‘क्या बात है’ रॉक बँडलाही आवडतं!

■ कानांना जपा. बंद खोलीत पूर्ण ड्रमसेट असेल तर स्पीकरच्या तोंडाशी बसू नका. इअरप्लग्ज घालण्यात कमीपणा काही नाही, वाजवणारेही घालतात.

■ निघताना काहीतरी करा. टी-शर्ट घ्या, बँडकॅंपवर गाणं विकत घ्या. ते जमत नसेल तर फॉलो करा आणि घरी गेल्यावर त्यांची गाणी खरोखर ऐका. आणि आयोजकांना एकदा हसतखेळत विचारा, ‘बँडला किती देता?’ चांगला आयोजक उत्तर टाळत नाही.

■ तुम्हीच बँडमध्ये असाल तर स्वतः लिहिलेली आणि चाल लावलेली गाणी वेळेत नोंदवा. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायदा गीतकार-संगीतकारांच्या रॉयल्टीच्या बाजूने उभा आहे आणि ती गोळा करण्याचं काम ‘आयपीआरएस’ ही संस्था करते. ‘नंतर बघू’ म्हणणाऱ्यांचं नंतर येतच नाही.

आणि तुमच्या गावात असं काही नसेल तर?

तर सुरू करा. खरंच सांगतोय. लागतं काय? एक हॉल नाहीतर गच्ची, मालकांची आणि शेजाऱ्यांची परवानगी, दोन सतरंज्या, दहाच्या आत संपवायची शिस्त. बँड नाही मिळाला तर एक बरा स्पीकर आणि एक नियम पुरे. येणाऱ्या प्रत्येकाने एक असं गाणं आणायचं, जे बाकीच्यांनी बहुधा ऐकलेलं नसेल. ते पूर्ण वाजणार, मध्ये कुणी बोलणार नाही आणि संपल्यावर आणणाऱ्याने दोन मिनिटांत सांगायचं, ‘हे मला का आवडतं.’ साताऱ्यात, लातुरात, चिपळूणमध्ये, फोंड्यात, कुठंही जमेल. महिनाभराने तुमच्याच ग्रुपमधला एखादा लाजाळू कार्टा हळूच म्हणेल, ‘माझं स्वतःचं एक आहे, वाजवू का?’

तेव्हा नाही म्हणू नका. जुन्या म्युझिक सर्कलवाल्यांचा धडाही गिरवा. दहा-बारा जणांनी मिळून महिन्याला शंभर-दीडशे वर्गणी काढली, तर पाहुण्या बँडला निदान येण्याजाण्याचा खर्च देता येतो. ‘एक्स्पोजर मिळेल’ या आश्वासनावर पेट्रोल भरता येत नाही.

पुन्हा त्या गच्चीवर येऊ. पावणेदहा वाजलेत. शेवटचं गाणं संपलंय, वायरी गुंडाळल्या जातायत, कुणीतरी सतरंज्या झटकतंय. तुम्ही जिन्याकडे निघालात आणि थांबलात. तो गायक पुन्हा उकिडवा बसलाय, या वेळी वायरी सोडवत. तुम्ही जाऊन विचारता, ‘ते तिसरं गाणं कधी येणार?’

तो वर बघतो. ‘तुम्हाला आवडलं? आम्ही ते काढून टाकणार होतो.’

बघा, तुम्ही त्या शनिवारी घरी बसला असता तर?